आजोबा, वडील, नातू आणि टोपीकर

गेली काही वर्षं पेपर उघडला की अमेरिका आणि चीन. आयातकर, तैवान, कोणाकडे किती विमानवाहू जहाजं, कोण कोणाला कधी मागे टाकणार. परवा सकाळी मांडवीच्या जेट्टीवर आमच्या कंपूत यावरूनच जुंपली. आम्ही सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे वादाला वेळ भरपूर आणि निकालाची घाई नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राने ‘थ्युसिडिडिसचा सापळा’ असा भारदस्त शब्द टाकला आणि बाकीचे जरा गप्प झाले.

शब्द भारदस्त असला तरी गोष्ट सोपी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये स्पार्टा ही मातब्बर सत्ता होती आणि अथेन्स वर येत होतं. अथेन्सच्या वाढीची स्पार्टाला धास्ती वाटली आणि त्यातून युद्ध पेटलं, असं थ्युसिडिडिस या इतिहासकाराने लिहून ठेवलं. ग्रॅहम ॲलिसन या अमेरिकन प्राध्यापकाने २०१७ साली त्यावर पुस्तक काढलं. गेल्या पाचशे वर्षांतल्या अशा सोळा जोड्या त्याने तपासल्या आणि त्यांतल्या बारांचा शेवट युद्धात झाला असं मांडलं. पहिलीच जोडी पोर्तुगाल आणि स्पेनची. आपल्या किनाऱ्यावरची एकही नाही.

मित्र बोलत होता आणि मी समोर बघत होतो. मांडवीहून उत्तरेकडे पाहिलं की रत्नदुर्गाचं नाक समुद्रात घुसलेलं दिसतं. हा किल्ला आंग्र्यांकडे होता, मग पेशव्यांकडे गेला, मग इंग्रजांकडे. मला एकदम एक जुना प्रश्न आठवला. त्याचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. म्हणजे अगदीच चुकीचं नव्हे, पण आळशीपणाने दिलेलं. मास्तर मंडळींना हे ठाऊक असेल, अशी उत्तरं नंतर फार वर्षं छळतात.

१९८७ची गोष्ट. सातवीची सहल घेऊन आम्ही विजयदुर्गला गेलो होतो. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी अजून ‘आपला विजयदुर्ग’ असंच होतं. तटावर पोरांना उभं करून मी १७५६च्या फेब्रुवारीतली हकिकत सांगितली. इंग्रजांचं आरमार खाडीच्या तोंडाशी कसं आलं, तोफा कशा सुटल्या, आंग्र्यांची जहाजं कशी जळाली. सांगण्यात रंगलोही होतो. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “सर, आंग्रे आपलेच ना? आणि पेशवे पण आपलेच. मग पेशव्यांनी इंग्रजांना बोलावून आपलंच आरमार का जाळायला लावलं?”

मी म्हटलं, “भाऊबंदकी, दुसरं काय! चला, डबे उघडा.”

डबे उघडले गेले. प्रश्न तसाच राहिला.

आता जरा मागून सुरुवात करतो. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावरची मातब्बर सत्ता म्हणजे पोर्तुगीज. १५१०मध्ये त्यांनी गोवा घेतला, पण त्यांची खरी सत्ता जमिनीवर नव्हती, एका कागदात होती. त्या कागदाला ते ‘कार्ताझ’ म्हणत, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना. तो जवळ नसेल तर जहाज जप्त. मोठमोठ्या सुलतानांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. समुद्र कोणाचा हे ओळखायची ही सोपी खूण आहे. कोणाचा कागद खिशात ठेवून माणसं निर्धास्त झोपतात, तेवढं बघायचं.

शिवाजीमहाराजांनी आरमार उभारलं, सिंधुदुर्ग बांधला, १६७९मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता तटबंद केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर आपला स्वतःचाच परवाना सुरू केला, दस्तक. ज्याच्याकडे आंग्र्यांचं दस्तक नाही ते जहाज आंग्र्यांचं. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते तेव्हा ती राजसत्ता होती. कान्होजींनी केलं तेव्हा इंग्रजी कागदांत ते ‘पायरेट’ झाले. आमच्या पिढीतल्याही काही पुस्तकांत हा शब्द ‘चाचा’ म्हणून जसाच्या तसा उतरला होता. वर्गात तो शब्द आला की मी थांबून ही कार्ताझची गोष्ट सांगत असे. तेवढं काम मात्र मी नीट केलं, असं म्हणायला हरकत नाही.

इथून पुढे तीन पिढ्यांची कथा सुरू होते.

पहिली पिढी आजोबांची, म्हणजे बाळाजी विश्वनाथांची. १७१३ साली साताऱ्याला शाहूमहाराजांचं आसन अजून डळमळीत होतं आणि कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केलं आणि लोहगड घेऊन घाटमाथ्यावर आले. म्हणजे वर येणारा प्रतिस्पर्धी दारात येऊन उभा. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन पाठवलं. हा माणूस श्रीवर्धनचा, सिद्दीच्या जाचाने देशोधडीला लागून वर गेलेला. कोकण काय चीज आहे आणि समुद्र हातात असणं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. तो लढला नाही, बोलला. कान्होजींना सरखेलपद मिळालं, किल्ले त्यांच्याकडे राहिले आणि ते शाहूंच्या बाजूला आले. सापळा होता, पण कोणी अडकलं नाही.

दुसरी पिढी बाजीरावांची. १७१७ ते १७२० या काळात मुंबईच्या इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर केलेले हल्ले फसले होते. १७२१मध्ये त्यांनी पोर्तुगीजांना सोबत घेतलं आणि दोघांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. तेव्हा आंग्र्यांच्या मदतीला फौज घेऊन कोण आलं? तर स्वतः बाजीराव. त्यांनी पोर्तुगीजांशी वेगळा तह करून त्यांना बाजूला काढलं, आणि इंग्रज हात चोळत मुंबईला परतले. कान्होजी १७२९ला गेले, तोवर त्यांचं आरमार कोणाला हरवता आलं नाही.

मधल्या काळात आंग्र्यांच्या घरात भांडणं लागली. १७३५मध्ये बाजीरावांनीच संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणी करून दिली, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेला, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे. भांडण मिटवायला म्हणून केलेली वाटणी, पण एका आरमाराची दोन झाली. पेशव्यांना ती तशी व्हायलाच हवी होती, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते अगदीच खोटं वाटत नाही. असो.

संभाजीनंतर दक्षिणेकडे तुळाजी आला. हा माणूस जबरदस्त होता. १७४५मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट घेतले. अंजनवेलचं नाव गोपाळगड ठेवलं. इंग्रज, डच, कोणाचंच जहाज त्याने सोडलं नाही. पण त्याच बरोबर पेशव्यांना जुमानणंही सोडलं. ताराबाई आणि पेशव्यांच्या विरोधकांशी त्याचं सूत होतं, पेशव्यांच्या मुलखाला उपद्रव होता. नुसताच निष्पाप वीर म्हणून त्याचा पुतळा उभा करायला मी तयार नाही. नानासाहेब पेशव्यांच्या जागी बसून पाहिलं तर तुळाजी म्हणजे आपल्याच अंगणात वाढलेलं बेगुमान झाड. ते तोडावंसं वाटणं स्वाभाविक होतं.

प्रश्न कुऱ्हाड कोणाची घेतली, हा आहे.

पुण्याची फौज घाट उतरून किनाऱ्यापर्यंत येऊ शकत होती, पण तुळाजीचे किल्ले पाण्यात. सुवर्णदुर्गला वेढा जमिनीवरून कसा घालणार? आरमार हवं, आणि मराठ्यांचं बलाढ्य आरमार म्हणजे तर आंग्र्यांचंच. मग कोकणचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईकरांशी बोलणी लावली. मार्च १७५५मध्ये करार झाला. समुद्रावर पुढारपण इंग्रजांचं. किल्ल्यांतली तोफा-रोकड पेशव्यांची. आणि मोबदल्यात इंग्रजांना सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट आणि पाच गावं, कायमची.

हे वाचताना मला नेहमी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. १७१५च्या सुमारास लिहिलेलं. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल, स्वच्छ बजावलेलं आहे की हे बाकीच्या सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत, यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. द्यायचीच झाली तर आत, दूर, आणि पक्कं बांधकाम करू देऊ नये. आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीचं. पुणेकरांनी कोल्हापूरचं का वाचावं, असं गमतीने म्हणता येईल. पण चाळीस वर्षांत त्यातलं प्रत्येक वाक्य उलटं करून दाखवलं गेलं. जागा दिली ती समुद्रकाठी, नदीच्या तोंडावर, किल्ल्यासकट.

एप्रिल १७५५च्या पहिल्या आठवड्यात कमोडोर जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे चव्वेचाळीस तोफांचं जहाज घेऊन हर्णैसमोर आला आणि सुवर्णदुर्ग दोन-चार दिवसांत पडला. कोठारावर गोळा पडून दारूचा स्फोट झाला, तिथेच किल्ला संपला. हा जेम्स पुढे इंग्लंडला जाऊन गडगंज, सरदार वगैरे झाला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४मध्ये लंडनच्या एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ तीनकोनी बुरूज बांधला, त्याचं नाव ‘सेव्हर्नद्रुग कॅसल’. सुवर्णदुर्गचा इंग्रजी उच्चार! तो अजून उभा आहे. हर्णैच्या समुद्रातला मूळ सुवर्णदुर्ग बघायला जेवढी माणसं जातात, त्याहून जास्त कदाचित तिकडे जात असतील.

मग पुढचं वर्ष. अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह दोघेही तेव्हा मुंबईत होते. दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध काहीतरी करायचं म्हणून आले होते, ते बारगळलं होतं आणि हात रिकामे होते. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गसमोर ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ अशी ब्रिटिश राजाच्या आरमाराची जहाजं उभी राहिली. गुराबं-गलबतांनी कंपनीच्या व्यापारी जहाजांना शिकारीसारखं घेरणं वेगळं आणि हे वेगळं. आंग्र्यांची युक्ती अशी की वारा पडला की वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबं ओढत न्यायची आणि जडशीळ शत्रूला मागून गाठायचं. इथे तर त्यांचं आरमार बंदरात तटाखाली एकाला एक बांधून ठेवलेलं.

तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हताच. तो बोलणी करायला रामाजीपंतांच्या छावणीत गेला होता. म्हणजे लढाई न होता किल्ला पेशव्यांच्या पदरात पडायच्या बेतात होता. इंग्रजांना नेमकं तेच नको होतं. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. दुपारनंतर ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून ते पेटलं. गंमत बघा, हे जहाज तुळाजीने काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं. त्याची आग शेजारच्याला, त्याची पुढच्याला. संध्याकाळपर्यंत शिवकाळापासून सांभाळत आणलेल्या परंपरेतलं सर्वांत ताकदवान आरमार बंदरात जळून गेलं.

त्याच रात्री क्लाइव्हने किनाऱ्यावर फौज उतरवली. आंग्र्यांना अडवायला नव्हे, ते आता कुठे जाणार होते? किल्ला आणि मराठ्यांची फौज यांच्या मधोमध तो जाऊन बसला. मित्राला आत शिरू द्यायचं नाही म्हणून. १३ तारखेला किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. आत सुमारे दहा लाखांची लूट मिळाली. ती आपापसांत कशी वाटायची हे त्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच कागदावर ठरवून ठेवलं होतं. त्या कागदात पेशव्यांचं नावही नव्हतं.

तुळाजी पेशव्यांचा कैदी झाला आणि कैदेतच मेला. विजयदुर्ग मात्र इंग्रज सोडेनात. पुण्याहून मुंबईला पत्रांमागून पत्रं गेली. अखेर ऑक्टोबर १७५६च्या तहात किल्ला परत मिळाला, पण बाणकोटवर शिक्का कायमचा झाला आणि गावं पाचाची दहा झाली. वर पेशव्यांनी डचांना आपल्या मुलखात व्यापार करू द्यायचा नाही, असंही कलम आलं. आपल्या राज्यात कोणी व्यापार करायचा हे आता मुंबईकर सांगू लागले होते.

आणि ती जहाजं? वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्ग आटोपून मद्रासला गेले, तिथून बंगालला. मार्च १७५७मध्ये ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ चंदननगरच्या फ्रेंच किल्ल्यावर तोफा डागत होती. २३ जून १७५७ला प्लासी. विजयदुर्गची आग आणि प्लासी यांच्यात सतरा महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते. आम्ही शाळेत या दोन घटना वेगवेगळ्या धड्यांत शिकवायचो. मधे दिवाळीची सुट्टी यायची.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. भाऊबंदकी हे उत्तर का अपुरं? भाऊबंदकी आजोबांच्या वेळीही होतीच की. १७१३चे कान्होजी १७५५च्या तुळाजीपेक्षा साताऱ्याला कमी धोक्याचे नव्हते. फरक मला वेगळा दिसतो. नानासाहेबांनी बळ मोजलं ते त्यांना ठाऊक असलेल्या मापाने. मुलूख किती, घोडा किती, वसूल किती. हिशोबात हा माणूस वाघ होता, आणि त्या मापाने पाहिलं तर १७५५मध्ये मराठे खरोखरच मातब्बर सत्ता होते. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईचे इंग्रज इतके धास्तावले होते, की त्यांनी वकील पाठवले आणि किल्ल्याभोवती खंदक खणायचं मनावर घेतलं. असल्या व्यापाऱ्यांना कोण प्रतिस्पर्धी म्हणेल? त्यांचा मुलूख तो केवढा? त्यांना भाड्याने घ्यायचं, काम झालं की दोन-चार गावं द्यायची. १७५६च्या त्याच सुमारास पेशवे स्वतः सावनूरच्या मोहिमेत गुंतले होते, नजर कर्नाटकावर आणि उत्तरेवर. तुळाजीचा त्रास डोळ्यांना दिसत होता, त्याची बाकी थकलेली दिसत होती. मुंबईकरांची वाढ वसुलाच्या वहीत कुठल्याच रकान्यात येत नव्हती.

थ्युसिडिडिसचा स्पार्टा निदान अथेन्सला बघून घाबरला तरी. आमच्या पेशव्यांनी चुकीच्या माणसाला बघून धास्ती घेतली. समोर दोन वर येणारे होते, त्यांनी घरातल्याला मोजलं आणि बाहेरच्याकडून पाडून घेतलं. पुस्तकातल्या सोळा जोड्यांत ही बसणार नाही, कारण इथे जोडीच नव्हती. तिघं होते.

यावर माझा बँकेतला मित्र म्हणाला, “अरे पण तुळाजी राहिला असता तर इंग्रज थांबले असते का?” प्रश्न रास्त आहे. ब्रिटिश राजाचं आरमार एकदा या समुद्रात उतरल्यावर गुराबं-गलबतं किती टिकली असती, याची मलाही शंका आहे. शिवाय आरमार संपूर्ण संपलंही नाही. पेशव्यांनी विजयदुर्गला पुन्हा सुभा उभा केला. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३मध्ये याच पट्ट्यात इंग्रजांचं ‘रेंजर’ घनघोर झुंजीनंतर पकडलं. पण धुळपांचं आरमार पुण्याच्या हुकमाचं आणि पुण्याच्या तनख्याचं होतं. आंग्र्यांच्या दस्तकाची दहशत त्याला कधी आली नाही. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली, तेव्हा समुद्रातून त्यांना अडवायला कोणी नव्हतं. म्हणून मी मित्राला एवढंच म्हटलं, थांबले नसते, पण त्यांना आणखी खर्च आला असता. आणि कंपनी होती ती, खर्चाचा हिशोब बघूनच पाय टाकणारी.

दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर मंडणगडमार्गे वेश्वीला गेलो होतो, तिथून जंगल जेट्टीने बागमांडल्याला जायचं होतं. वाटेत बाणकोटचा किल्ला केला. चढ बेताचा, माझ्या गुडघ्यांना झेपला. इंग्रजांनी त्याचं नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवलं होतं. लहानसा चिरेबंदी किल्ला, खाली सावित्रीचं रुंद पात्र, पलीकडे रायगड जिल्हा. मुलगा म्हणाला, “बाबा, एवढ्याशा जागेसाठी?” मी त्याला खालची खाडी दाखवली. या खाडीतून होड्या थेट महाडपर्यंत, रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात जात.

१८१८ला पेशवाई बुडाली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला आणि कलेक्टरचं ठाणं ठेवलं ते बाणकोटला. १७५६ला तहात मिळवलेली, त्रेसष्ट वर्षं सांभाळलेली जागा आयती तयार होती. तिथून १८२२मध्ये त्यांनी ते ठाणं इथे रत्नागिरीत हलवलं.

त्या मुलीचा पत्ता आता माझ्याकडे नाही. पन्नाशी ओलांडली असेल तिने. कधी हे वाचलंच, तर डब्याची घाई केल्याबद्दल माफ कर गं.